खांबाची रजा

कंपनीच्या वार्षिक समारंभात साहेबांनी माइक हातात घेतला, तिच्याकडे बोट दाखवलं आणि म्हणाले, "ही बाई म्हणजे आपल्या कंपनीचा खांब आहे, खांब!" टाळ्या पडल्या. त्या दिवसापासून ती खांबताई झाली आणि तिचं खरं नाव पगाराच्या कागदावर तेवढं उरलं. सुरुवातीला तिलाही बरं वाटलं, खोटं कशाला बोला. पण कौतुकाची नवलाई ओसरल्यावर तिच्या लक्षात आलं, की खांबाला जागचं हलता येत नाही. तो जरा हलला की छत खाली येतं आणि शिव्या खांबाला पडतात. छताला कोणी काही म्हणत नाही.

कंपनी इस्पितळांसाठी ड्युट्या लावणारा प्रोग्राम बनवायची. कुठली सिस्टर कुठल्या वॉर्डात, दिवसा की रात्री, साप्ताहिक सुट्टी कधी, रजा किती शिल्लक, सगळं तो प्रोग्राम ठरवायचा. म्हणजे कुठकुठल्या गावांतल्या सिस्टरांना हक्काची रजा मिळायची ती खांबताईच्या जिवावर, आणि खुद्द खांबताईला रजा मागायची म्हणजे संकट. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच.

या सगळ्याला कारण होते आजोबा. आजोबा म्हणजे कोणी माणूस नव्हे, प्रोग्रामच्या पोटातली एक फाइल. कंपनी दोन खोल्यांत होती तेव्हा साहेबांनी ती स्वतः लिहिली होती, ऐन तारुण्यात, घाईघाईत. त्यानंतर जो आला त्याने तिच्यात भर घातली आणि कोणीही काही काढलं नाही. वाढत वाढत ती इतकी लांब झाली, की वरून खाली जायला माउसचं चाक फिरवून बोट दुखावं. नावं तर अशी, की वाचणाऱ्याने कपाळावर हात मारावा. रजेचे दिवस ज्यात ठेवायचे त्याचं नाव 'टेम्प', म्हणजे तात्पुरतं. मग 'टेम्प नवा'. मग 'टेम्प नवा खरा'. आणि 'टेम्प नवा खरा' मध्ये रजेचे दिवस नव्हतेच, त्यात वॉर्डाचा नंबर होता, कारण मध्ये कोणालातरी रिकामं भांडं हवं होतं आणि त्याला हे सापडलं.

याहून वाईट होती ती नक्कल. रात्रभर ड्युटी केलेल्या बाईला दुसऱ्या दिवशी सकाळी बोलवायचं नाही, हा साधा नियम. शहाण्याने तो एका जागी लिहावा आणि बाकीच्यांनी तिथे येऊन विचारावं. इथे ज्याला ज्याला नियम लागला त्याने तो उचलून आपल्या जागी चिकटवला होता, आणि चिकटवताना प्रत्येकाने थोडं मीठमसाला घातला होता. घरातल्या प्रत्येक खोलीत वेगळं घड्याळ असावं आणि वेळ बदलायची म्हटलं की स्टुलावर चढून एकेकाला किल्ली द्यावी लागावी, तसा प्रकार. त्यात माळ्यावरचं एखादं घड्याळ विसरतंच.

आता ज्याचं जळतं त्याला कळतं. ही फाइल कळणारी अख्ख्या कंपनीत एकच व्यक्ती, खांबताई. आणि खांबताईच्या आईचे दोन्ही गुडघे गेलेले.

आई-बाबा दुसऱ्या गावी राहायचे, बसने अर्धा दिवस लागायचा. डॉक्टर म्हणाले होते, ऑपरेशन करून टाका, पण पुढे महिनाभर घरात कोणीतरी हक्काचं माणूस पाहिजे. बाबांचा उपयोग शून्य. जन्मात त्यांनी गॅस पेटवला नव्हता. खांबताई एकुलती एक. आई म्हणाली, "तू ये, मग करू. घाई कुठे आहे?" आणि जिन्याचा कठडा धरून कण्हत वर गेली.

पहिली तारीख ठरली तेव्हा खांबताई बॅग घेऊन बसस्टँडपर्यंत पोचलीसुद्धा होती. तिकीट काढायला रांगेत उभी राहिली आणि फोन वाजला. पलीकडे एका इस्पितळाच्या मेट्रन, आवाज चढलेला. "तुमच्या मशीनने माझ्या एका सिस्टरला रात्रीनंतर पुन्हा सकाळी लावलंय. ती औषधांचा ट्रे हातात घेऊन उभ्या उभ्या झोपली. पेशंटला चुकीची गोळी गेली असती म्हणजे? तुम्ही येणार होतात का उत्तर द्यायला?"

खांबताईला चूक लगेच कळली. त्या इस्पितळासाठी नियम तिने नुकताच बदलला होता, आणि माळ्यावरचं एक घड्याळ राहून गेलं होतं. तिने ऑफिसात फोन लावला. तिच्या शेजारच्या टेबलावर एक गृहस्थ बसायचे. चहा पांचट, खुर्ची टोचते, एसीचा वारा मानेवरच येतो, असं सकाळपासून संध्याकाळपर्यंत चालू असायचं, म्हणून त्यांना सगळे किरकिऱ्या म्हणायचे. तोंडावरसुद्धा. किरकिऱ्याने फाइल उघडली, पाच मिनिटं पाहिली आणि फोनवर म्हणाला, "ताई, हे मला जमायचं नाही. इथे हात घातला तर कुठून काय निघेल याचा भरवसा नाही. तुम्हीच या."

ती रांगेतून बाहेर पडली. ऑपरेशन पुढे गेलं. आई फोनवर म्हणाली, "असू दे गं," आणि ते 'असू दे' तिला शिव्यांपेक्षा जास्त लागलं.

ती थेट साहेबांच्या केबिनमध्ये गेली. म्हणाली, "साहेब, एक महिना द्या. नवीन काही नको, फक्त आजोबा साफ करते. कोणालाही वाचता येतील असे करते."

साहेब हसले. "बाई, गिऱ्हाइकाला मी काय सांगू? महिनाभर आमच्याकडे झाडलोट चालली होती? त्यांना स्क्रीनवर नवं बटण दिसलं पाहिजे. आणि एवढं काय आहे त्यात न कळण्यासारखं? मी लिहिलंय ते. मला माहीत आहे ना कशात काय आहे."

त्यांनी ती फाइल उघडून कित्येक वर्षं झाली होती. उंटावरून शेळ्या हाकणाऱ्याला शेळ्या नेहमी सरळच चाललेल्या दिसतात. खांबताई नव्या बटणाचं काम घेऊन बाहेर आली.

पण आता तिचं डोकं फिरलं होतं. परवानगी न घेताच तिने सफाईला हात घातला आणि तिथेच तोंडघशी पडली. आजोबांच्या मध्यावर एक ओळ होती. काहीही न करता प्रोग्रामला दोन सेकंद नुसतं थांबवणारी. वर कोणीतरी टीप लिहून ठेवली होती, 'काढू नका. का ते माहीत नाही.' खांबताईला ती टीप वाचून इतका संताप आला, की तिने ती ओळ तिथल्या तिथे उडवली. माहीत नाही म्हणजे काय? माहीत नाही हे काय कारण झालं?

दुसऱ्या दिवशी सगळ्या इस्पितळांचे पुढच्या महिन्याचे ड्युटीचे तक्ते कोरे निघाले.

ते निस्तरण्यात आठवडा गेला आणि त्याच आठवड्यात ऑपरेशनची दुसरी तारीख होती. साहेबांनी सगळ्यांसमोर सुनावलं. "चालतंय ना? चालत्या गाडीला खीळ घालायची काय गरज होती? यापुढे सांगितल्याशिवाय कोणी हात लावायचा नाही." हात दाखवून अवलक्षण झालं ते झालंच. किरकिऱ्यासुद्धा त्या दिवशी चहाला नावं न ठेवता गप्प प्यायला.

तिची खरी चीड साहेबांवर नव्हतीच. स्वतःवर होती. गाठ कुठे बांधली आहे ते न पाहता दोरी कापायला ती काय आज कामाला लागली होती?

त्या रविवारी बाबांचा फोन आला. इकडचं तिकडचं झाल्यावर ते आवाज खाली करून म्हणाले, "तुला सांगू नको म्हणालीये, पण आई आता जिना बसून उतरते. एकेक पायरी, बसून. शेजारच्यांनी पाहिलं की म्हणते, पायऱ्या पुसतेय."

खांबताईने फोन ठेवला. नवऱ्याने विचारलं काय झालं, तर म्हणाली, "काही नाही," आणि बाथरूममध्ये जाऊन नळ सोडून रडली. तोंड धुऊन बाहेर आली तेव्हा तिचं ठरलेलं होतं. तिसरी तारीख पाच महिन्यांनी मिळणार होती. तेवढ्यात आजोबांना असं करायचं, की आपण नसलो तरी कोणाचं अडणार नाही.

आधी ती साहेबांकडेच गेली, भांडायला नव्हे. गोड आवाजात विचारलं, "साहेब, ती थांबायची ओळ तुम्ही का घातली होती?" साहेबांचा चेहरा खुलला. "अरे, ती! तेव्हा आपल्याकडे जुनाट प्रिंटर होता. लागोपाठ कागद पाठवले की गुदमरायचा. त्याला श्वास घ्यायला वेळ दिला होता मी." प्रिंटर केव्हाच भंगारात गेला होता. पण त्या दोन सेकंदांत रजेची माहिती दुसरीकडून येऊन पोचायची, आणि नंतरच्या सगळ्यांनी नकळत त्यावरच भिस्त ठेवली होती. वाट पाहायची होती ती माहितीची. पाहिली जात होती मेलेल्या प्रिंटरची.

मग तिने नवी पद्धत धरली. ज्या खोलीत कामासाठी जायचं तेवढीच झाडून यायची. साहेबांनी बटण मागितलं की बटण द्यायचं, आणि बटणाच्या वाटेवर जेवढा कचरा लागेल तेवढा उचलायचा. पण उचलण्याआधी आजोबा आज जे उत्तर देतात ते जसंच्या तसं बांधून ठेवायचं, चुकीचं असलं तरी. ते उत्तर ताडून पाहणाऱ्या तपासण्याच तिने लिहून ठेवल्या. एक नाव बदललं की तपासण्या चालव, एक नक्कल काढली की तपासण्या चालव. उत्तर तसूभर बदललं तरी मागे फिर. हे काम गव्हातले खडे निवडण्यासारखं. कौतुक कोणी करत नाही आणि एक खडा राहिला की दात तुटलेला सगळ्यांना दिसतो.

आणि कोड खरंच वाचण्याजोगं झालं की नाही, हे पाहायला तिने किरकिऱ्याला धरलं.

"अहो, एवढं वाचून बघा."

"मी? माझं हे काम नाही. शिवाय या स्क्रीनने माझे डोळे चुरचुरतात."

"म्हणूनच तुम्ही. तुम्हाला काहीच पटत नाही. वाचा आणि जिथे अडेल तिथे किरकिर करा. मी एक शब्द बोलणार नाही."

नियमच ठेवला तिने. तो वाचायचा आणि ती तोंड मिटून शेजारी बसायची. त्याने "हे काय?" विचारलं की समजावून सांगायचं नाही. समजावून सांगावं लागलं म्हणजे कोड हरलं. कागदावर खूण करायची आणि मागाहून ती ओळच सुधारायची.

हे गप्प बसणं सगळ्यात अवघड होतं. किरकिऱ्या एका ओळीवर भुवया उंचावून तासभर बसायचा आणि उत्तर तिच्या जिभेवर नाचत असायचं. एकदा तर न राहवून ती म्हणालीच, "अहो, त्यात रजेचे दिवस असतात!"

"मग तसं लिहा ना तिथे!" तो खेकसला. "तुम्ही काय प्रत्येकाच्या शेजारी बसणार आहात जन्मभर?"

तिला त्याचा प्रचंड राग आला, आणि तो बरोबर बोलत होता म्हणून अजून जास्त आला. तिने त्या जागी 'उरलेली रजा' असं स्वच्छ नाव घातलं.

चांगलं चाललं होतं असं मात्र समजू नका. मधल्या काळात दोनदा तिने साफ केलेल्या जागेत दुसऱ्या कोणीतरी घाईत नक्कल आणून चिकटवली. एकदा तर साहेबांनी स्वतः. "अर्जंट होतं," म्हणाले. झाडून पाठ वळवावी आणि कोणी पाय न पुसता चिखलाच्या बुटांनी आत यावं, तशी तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. त्या दिवशी ती जेवली नाही. दुसऱ्या दिवशी मुकाट्याने ती नक्कल काढली.

तिसऱ्या तारखेला आठवडा उरला असताना त्याच मेट्रन बाईंच्या इस्पितळाने नियम पुन्हा बदलला. रात्रपाळ्यांच्या फेरीनंतर आता दोन दिवस विश्रांती. खांबताईने खुर्ची मागे सरकवली आणि किरकिऱ्याला म्हणाली, "तुम्ही करा."

तो तोंड वाकडं करून बसला. फाइल उघडली. नियम एका जागी होता, त्याच्या डोक्यावर त्याचं नाव होतं. त्याने एक आकडा बदलला, तपासण्या चालवल्या आणि बराच वेळ पाहत राहिला.

"एवढंच?"

"एवढंच."

"नावं फार लांबलचक ठेवलीयेत तुम्ही," तो म्हणाला. त्याच्याकडून याहून मोठी शाबासकी जगात कोणाला मिळाली नव्हती.

तिने रजेचा अर्ज दिला. साहेबांनी सही करताना विचारलं, "आणि काही झालं तर?" ती म्हणाली, "ते बघतील." साहेबांनी शंकेने किरकिऱ्याकडे पाहिलं. तो एसीकडे बघून मान चोळत होता.

ऑपरेशन नीट झालं. आई घरी आली, खालच्या खोलीत पलंग टाकला आणि खांबताईने पदर खोचला. सकाळी चहा करायला गेली तर साखरेच्या डब्यात मीठ. चहाच्या डब्यात डाळ. 'तांदूळ' लिहिलेल्या डब्यात सुतळी, बटणं आणि बाबांचा जुना चष्मा. साखर सापडली ती बिस्किटांच्या पत्र्याच्या पेटीत, आणि चहा कुठेच नव्हता.

"आई, चहा कुठे आहे?"

"अगं, हळदीच्या बरणीमागे उंच डबा आहे ना, 'मेथी' लिहिलेला. त्यात." आई पलंगावरून उठायलाच लागली. "थांब, मीच येते. तुला नाही सापडायचं."

"उठू नकोस! असं का ठेवलंयस सगळं?"

"असं म्हणजे? मला माहीत आहे ना कशात काय आहे."

खांबताई हातातला डबा तसाच धरून उभी राहिली. मग तिचा पाच महिन्यांचा राग एकदम बाहेर आला. "तुला माहीत आहे! तुलाच फक्त माहीत आहे! म्हणून बाबा घोटभर चहा करू शकत नाहीत आणि तू गुडघे फुटले तरी उठतेस. कोणाला काही कळू नये असंच ठेवायचं आणि मग म्हणायचं माझ्याशिवाय घर चालत नाही!"

आई भिंतीकडे तोंड करून पडून राहिली.

दिवसभर खांबताईने डबे उपसले, धुतले, पुसले, प्रत्येकावर नवी चिठ्ठी लावली, आणि चिठ्ठीत होतं तेच डब्यात भरलं. मग बाबांना ओट्यासमोर उभं केलं आणि स्वतः तोंड मिटून दाराशी बसली. बाबांनी "हे काय?" विचारलं की उत्तर द्यायचं नाही, चिठ्ठी बदलायची. दोन दिवसांत बाबांना गॅस पेटवता आला. तिसऱ्या दिवशी सकाळी ते म्हणाले, "आज चहा मी करतो. तुम्ही दोघी बसा."

फोन तिने पलंगाशेजारी स्टुलावर ठेवला होता, स्क्रीन वर करून. आल्यापासून तो वाजला नव्हता. मधूनमधून ती उचलून पाहायची, बॅटरी आहे, रेंज आहे. आईने एकदा विचारलंसुद्धा, "बिघडलाय का?"

तेवढ्यात तो वाजला. साहेब. तिने झडप घालून उचलला. "काय झालं साहेब? ड्युट्यांचं काही?"

"छे छे, काही नाही," साहेब मोकळेपणाने म्हणाले. "दोन इस्पितळांचे नियम बदलले, ते किरकिऱ्यानेच करून टाकले. कुरकुर करत, पण केले. तेच सांगायला फोन केला. तुम्ही आरामात या. हवं तर पंधरा दिवस जास्त राहा. इथे काही अडत नाही."

हेच तर तिला हवं होतं. याच्यासाठी तर तिने रक्त आटवलं होतं. तरी "बरं साहेब" म्हणायला तिला वेळ लागला.

"काय म्हणाले?" आईने विचारलं.

"म्हणाले, राहा. अडत नाही."

आई स्वयंपाकघराकडे पाहत होती. आत बाबा शीळ घालत होते, डबा उघडल्याचा आवाज आला, मग साखर ढवळल्याचा. "मलाही हे तेच म्हणाले सकाळी," आई म्हणाली. "तू पडून राहा, काही अडत नाही."

तिने हात पुढे केला आणि खांबताईने तो धरला. दिवसभर उपसलेल्या डब्यांबद्दल माफी मागावी असं तिला वाटलं, पण माफी नक्की कशाची, ते तिला सांगता आलं नसतं.

बाबा कप घेऊन आले, अभिमानाने, न सांडता. दोघींनी एकदमच घोट घेतला. चहा फक्कड झाला होता. बाबा तोंडाकडे बघत उभे होते, पण दोघींपैकी कोणीच तसं म्हटलं नाही.